फळ न कापता अंतरंगाची पारख
विद्युत्‌मापनाच्या साहाय्याने नासक्या फळाचा शोध

चैत्र संपत आला की गोमंतकातील बाजारांना आंब्याचा वास येऊ लागतो. म्हापशाच्या बाजारात मानकुरादाच्या राशी लागतात, हापूसच्या पेट्या उघडल्या जातात आणि ग्राहक एकेक फळ हातात घेऊन ते डोळ्यांनी, नाकाने आणि अंगठ्याने पारखू लागतो. देठाजवळ हुंगावे, गालाला हलकेच दाबून पाहावे, कातडीवर डाग आहे की काय ते न्याहाळावे आणि मग भाव ठरवावा, ही पारख पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कलिंगडावर थाप मारून आवाज ऐकणे अथवा नारळ कानाशी हलवून पाहणे हीही त्याच जातीची विद्या होय.

परंतु या विद्येला एक मर्यादा आहे. फळाची कातडी जे लपविते ते तिला कळत नाही. बाहेरून सोन्यासारखे पिवळे दिसणारे, सुवासिक फळ घरी नेऊन कापावे आणि आत कोयीभोवती पांढुरका, आंबट, भेंडासारखा गर निघावा, हा अनुभव हापूस खाणाऱ्या कोणाला नवा नाही. त्या वेळी ग्राहक विक्रेत्याला बोल लावतो, विक्रेता दलालाकडे बोट दाखवितो आणि दलाल बागायतदाराच्या नावाने खडे फोडतो. वस्तुतः त्यांच्यापैकी कोणालाही फळाच्या आत काय आहे हे ठाऊक असण्याचा मार्ग नव्हता. एका पेटीतील दोन फळे अशी निघाली तरी संपूर्ण बागेच्या नावाला बट्टा लागतो आणि पुढील वर्षी तो भावात वजा होतो.

मग फळ न कापता, न टोचता, किंबहुना त्याला स्पर्शही न करता त्याच्या अंतरंगाची वार्ता मिळू शकेल काय? विद्युत्‌शास्त्राने या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी दिले आहे. तथापि त्या होकाराला काही अटी आहेत, आणि त्या अटी समजून घेणे हे त्या होकाराइतकेच महत्त्वाचे आहे.

नासणे आणि साका

प्रथम दोन गोष्टींतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. आंबा नासतो तो बहुधा बुरशीमुळे. करपा रोगाची बुरशी फळ लहान असतानाच त्याच्या सालीत शिरते आणि फळ पिकेपर्यंत निपचित पडून राहते. फळ पिकू लागले की ती जागी होते व काळे डाग पसरू लागतात. देठकूज देठाकडून आत शिरते. या दोन्ही प्रकारांत गराच्या पेशी फुटतात, त्यांतील रस बाहेर पडतो आणि गर मऊ व पाणचट होतो.

साका ही गोष्ट निराळी. तिच्यात बुरशी नाही, जंतू नाही, कीडही नाही. ही फळाच्या अंतर्गत वाढीतील विकृती होय. साक्याच्या भागातील गर फिकट राहतो, त्यात साखर कमी आणि पिष्ट व आंबटपणा अधिक असतो. पुष्कळदा त्यात हवेच्या पोकळ्याही आढळतात. हापूस आंब्यातील या दोषाची शास्त्रीय नोंद चिमा व दाणी या संशोधकांनी १९३० च्या दशकातच केली होती. त्याच्या कारणांविषयी अनेक मते पुढे आली. जमिनीवरून परावर्तित होणारी उष्णता हे त्यांपैकी एक. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००७ साली असे दाखविले, की फळ झाडावर असतानाच कोयीतील बी रुजण्याच्या मार्गाला लागते आणि त्यातून भोवतालच्या गराची ही अवस्था होते.

नासलेला गर आणि साक्याचा गर ही दोन वेगवेगळी दुखणी असल्यामुळे त्यांची विद्युत्‌लक्षणेही वेगवेगळी असणार. एकाच्या शोधासाठी सिद्ध केलेले यंत्र दुसऱ्याला ओळखीलच असे नाही.

पेशीचा गडगा

फळाचा गर असंख्य सूक्ष्म पेशींचा बनलेला असतो. प्रत्येक पेशीभोवती एक अत्यंत पातळ पटल असते. पेशीच्या आत क्षार, आम्ले व शर्करा विरघळलेला रस असतो आणि पेशींच्या दरम्यानच्या चिंचोळ्या जागेतही थोडा ओलावा असतो. क्षार व आम्ले विरघळलेल्या पाण्यातून वीज वाहू शकते. पटलातून मात्र ती सहजासहजी जाऊ शकत नाही.

हे पटल किती पातळ असते याचा अंदाज विजेच्याच साहाय्याने प्रथम बांधला गेला, ही मनोरंजक गोष्ट आहे. रुडॉल्फ हॉबर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाला १९१० च्या सुमारास असे आढळले, की रक्तातील पेशी मंद गतीने दिशा बदलणाऱ्या प्रवाहाला अडवितात, परंतु अतिशय वेगाने दिशा बदलणाऱ्या प्रवाहाला त्या वाट देतात. त्यानंतर १९२५ साली ह्यूगो फ्रिक यांनी रक्तपेशींवरील विद्युत्‌मापनातून पटलाची जाडी सुमारे ३.३ नॅनोमीटर असावी असे गणित मांडले. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांपैकी तीनचार भागांइतकी ही जाडी होय. त्या काळी इतकी सूक्ष्म वस्तू दाखवू शकणारा सूक्ष्मदर्शक अस्तित्वात नव्हता.

या शोधाचा फळाशी संबंध काय, हे समजण्यासाठी गोव्यातील वा कोकणातील एखादा वाडा डोळ्यांसमोर आणावा. प्रत्येक बागेला दगडी गडगा आहे आणि दोन गडग्यांच्या मधून अरुंद पाणंद जाते. वाटसरूला पलीकडे जायचे असेल तर पाणंदीतून वळसे घेत जावे लागते. गडगा त्याला आत सोडीत नाही. परंतु कोणी हाक मारली तर ती मात्र गडग्यावरून सरळ पलीकडे ऐकू जाते. मंद कंप्रतेचा प्रवाह हा वाटसरूसारखा आहे. तो पेशींना वळसा घालून दरम्यानच्या ओलाव्यातून जातो. उच्च कंप्रतेचा प्रवाह हाकेसारखा आहे. पटल त्याला अडवू शकत नाही. (प्रवाह एका सेकंदात किती आवर्तने करतो, ती संख्या म्हणजे कंप्रता. आपल्या घरातील विजेची कंप्रता ५० असते.)

आता पावसाळ्यात गडगे ढासळले असे समजा. मग वाटसरूही कोठूनही जाऊ लागेल. हाकेला पूर्वीही अडथळा नव्हता आणि आताही नाही. म्हणजेच वाटसरू आणि हाक यांच्यातील फरक पुष्कळसा नाहीसा होईल. नासलेल्या फळात नेमके हेच घडते. पेशींची पटले फुटतात, आतील क्षारयुक्त रस सर्वत्र पसरतो आणि मंद कंप्रतेचा प्रवाहही सुलभपणे वाहू लागतो.

एका आकड्यात नव्हे, दोन आकड्यांत

या विषयाचे सारे मर्म येथे आहे. फळातून वीज किती वाहते याचा एकच आकडा घेतला तर त्यावरून फारसे काही सांगता येत नाही. मोठ्या फळाचा आकडा वेगळा, लहान फळाचा वेगळा, रसाळ जातीचा वेगळा आणि रेषाळ जातीचा वेगळा. परंतु तेच फळ प्रथम काही हजार कंप्रतेवर आणि नंतर काही दशलक्ष कंप्रतेवर मोजले आणि दोन्ही आकड्यांची तुलना केली, तर फळाच्या आकाराचा परिणाम बव्हंशी गळून पडतो. कारण मोठे फळ दोन्ही वेळा मोठेच असते. उरतो तो पटलांच्या अवस्थेचा परिणाम. दोन आकड्यांत मोठे अंतर असेल तर गडगे शाबूत आहेत. अंतर घटले असेल तर ते ढासळू लागले आहेत. काळा डाग कातडीवर दिसण्यापूर्वीच आतील पडझड पुरेशी झालेली असेल, तर ती या अंतरात उमटते. डोळ्यांच्या पारखीपेक्षा या मापनाची सरशी होऊ शकते ती येथेच.

अशी मापने प्रयोगशाळांतून दीर्घ काळ केली जात आहेत. परंतु त्यांसाठी फळात दोन सुया टोचाव्या लागतात किंवा सालीवर धातूच्या पट्ट्या दाबून बसवाव्या लागतात. सुईने पडलेले छिद्र हे बुरशीला दिलेले आमंत्रणच ठरते. पट्टी लावावी तर आंब्याची साल मेणचट व कोरडी. पट्टी जरा कमीअधिक दाबली गेली की आकडा बदलतो. शिवाय हजारो फळे झरझर पुढे सरकत असलेल्या पॅकिंग केंद्रात प्रत्येक फळाला पट्ट्या बांधणे हे व्यवहार्य नव्हे. म्हणून स्पर्शाविना मापन करण्याच्या रीतींकडे संशोधक वळले. या रीती मुख्यतः दोन असून दोहोंचेही मूळ मायकेल फॅराडे या थोर शास्त्रज्ञाच्या संशोधनात आहे.

पहिली रीत : दोन पत्र्यांमधील फळ

धातूचे दोन पत्रे समोरासमोर ठेवून त्यांना वीज दिली असता त्यांत थोडा विद्युत्‌भार साठतो. अशा रचनेला धारित्र म्हणतात. जुन्या रेडिओची खुंटी फिरविली की एकात एक शिरणारे पत्रे ज्यांनी पाहिले असतील, त्यांनी धारित्रच पाहिलेले असते. पत्र्यांच्या मध्ये हवेऐवजी दुसरा पदार्थ ठेवला तर साठणारा भार वाढतो, आणि ही वाढ पदार्थागणिक वेगळी असते, हे फॅराडे यांनी १८३७ साली दाखवून दिले. हवेचा हा गुणांक जवळजवळ १ आहे, तर पाण्याचा सुमारे ८०. कोरड्या धान्याचा व लाकडाचा तो अगदी अल्प असतो.

पाणी आणि कोरडा पदार्थ यांच्यातील या प्रचंड तफावतीचा उपयोग व्यवहारात पूर्वीच झाला आहे. भात, गहू वगैरे धान्यांतील ओलावा मोजणारी कित्येक यंत्रे याच तत्त्वावर चालतात. मूठभर धान्य यंत्राच्या पेल्यात ओतले की क्षणात ओलाव्याची टक्केवारी दिसते, ती याच गुणामुळे.

फळाच्या बाबतीत काम इतके सोपे नाही. १० सेंटिमीटर लांबरुंदीचे दोन पत्रे एकमेकांपासून १० सेंटिमीटर अंतरावर ठेवले, तर त्यांची धारिता एका पिकोफॅरडपेक्षाही थोडी कमी भरते. एक फॅरड या एककाचा तो एक लाख कोटीवा हिस्सा होय. मध्ये आंबा ठेवला की हा आकडा वाढतो, परंतु आंबा व पत्रे यांच्यामध्ये जी हवा उरते तीच मापनावर वरचढ होते. फळ चार मिलिमीटर इकडेतिकडे सरकले, ते आडवे असायचे ते तिरपे पडले, किंवा मोजणाऱ्याचा हात जवळ आला, तरी पडणारा फरक आतील बिघाडाने पडणाऱ्या फरकाहून मोठा असू शकतो. हात जवळ नेल्याने जुन्या रेडिओचा आवाज कसा बदलत असे हे ज्यांना आठवते त्यांना ही अडचण सहज उमगेल. म्हणून पत्र्यांभोवती संरक्षक पत्रे बसविणे, प्रत्येक फळ एकाच खाचेत एकाच बाजूने ठेवणे आणि अनेक कंप्रतांवर मोजून परस्परतुलना करणे ही बंधने पाळावी लागतात.

दुसरी रीत : वेटोळ्यांमधील फळ

दुसऱ्या रीतीत पत्र्यांऐवजी तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून वेगाने दिशा बदलणारा प्रवाह सोडला की त्याच्याभोवती तसेच बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाहकात प्रवाह उत्पन्न होतो, हा फॅराडे यांचा १८३१ मधील शोध. फळ हे धातूइतके चांगले वाहक नसले, तरी त्यातील क्षारयुक्त रसात भोवऱ्यासारखे फिरणारे अतिसूक्ष्म प्रवाह उमटतात. ते स्वतःचे अल्पसे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात आणि दुसरे वेटोळे ते टिपते. हवा वा कोरडा खोका यांचा चुंबकीय क्षेत्राला अडथळा होत नाही, ही या रीतीतील मोठी सोय होय.

ब्रिटनमधील मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली असे एक यंत्र वर्णन केले. १,५६,००० पासून २५ लाखांपर्यंतच्या कंप्रतांवर ते स्पर्शाविना मापन करते. सफरचंद, नासपती, किवी, संत्रे, टोमॅटो, बटाटा इत्यादी पदार्थांचे विद्युत्‌वाहकतेचे आलेख त्यांनी या यंत्राने मिळविले. उद्योगधंद्यात, सरकत्या पट्ट्यावर वापरता येईल इतका वेग व मजबुती यंत्रात असावी, हा त्यांचा हेतू होता. फळांचा संकेत इतका क्षीण असतो, की मूळ क्षेत्राच्या गलबल्यातून तो वेगळा काढणे हेच या यंत्रविद्येतील खरे कौशल्य ठरते.

दोन्ही रीतींत वापरावी लागणारी वीज अल्प असते. फळाची चव, रंग अथवा गुण यांवर तिचा परिणाम होत नाही आणि मोजलेले फळ निःशंकपणे विकता व खाता येते.

साक्याचे निदान

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे हापूसमधील साक्याकडे वळू. साक्यात पटले फुटून रस पसरणे हे प्रमुख लक्षण नाही. गर घट्ट, कोरडा आणि पोकळ्यांनी युक्त होणे हे त्याचे लक्षण. पाण्याची जागा हवेने घेतली की धारिता घटली पाहिजे, कारण एकाचा गुणांक ८० आणि दुसऱ्याचा १. तत्त्वतः येथेही विद्युत्‌मापनाला वाव आहे. परंतु हा दोष कोयीजवळ, फळाच्या गाभ्यात असतो. बाहेरील निरोगी गराचा जाड थर मापनात प्रथम बोलतो आणि आतील दोषाचा आवाज क्षीण होतो. कोय स्वतः कोरडी व कठीण असून तिचा आकार प्रत्येक फळात थोडा निराळा असतो. त्यामुळे साक्याचा अल्प भाग ओळखणे अवघड, तर अर्ध्याहून अधिक गर बिघडलेले फळ ओळखणे त्या मानाने सुकर, अशी अपेक्षा ठेवणे युक्त होय.

या कामी क्ष-किरणांचाही उपयोग होतो. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९९३ साली क्ष-किरणांच्या प्रतिमांवरून हापूसमधील साका ओळखता येतो असे दाखविले. निरोगी गर आणि साका यांची घनता वेगळी असल्याने प्रतिमेत फिकट व गडद भाग उमटतात. क्ष-किरणांची नजर गाभ्यापर्यंत पोचते हा त्यांचा गुण. यंत्राचा खर्च आणि किरणांपासून कामगारांचे रक्षण करण्याची व्यवस्था हा त्यांचा भार. विद्युत्‌मापनाची बाजू याच्या नेमकी उलट आहे. त्याला किरणांचे भय नाही आणि मूळ रचना साधी आहे. परंतु त्याची नजर अंधुक आहे. एकाने दुसऱ्याला हद्दपार करावे असे नसून दोघांनी परस्परांना पूरक व्हावे, हेच इष्ट.

आकड्याने भुलू नये

यंत्राने दाखविलेला आकडा हा निवाडा नव्हे. तो साक्षीदाराचा जबाब आहे. साक्षीदाराची उलटतपासणी झाल्याशिवाय त्यावर विसंबणे धोक्याचे.

पहिली उलटतपासणी उष्णतेची. फळाच्या रसाची विद्युत्‌वाहकता उष्णतेच्या प्रत्येक अंशामागे सुमारे २ टक्क्यांनी वाढते. दुपारच्या उन्हातून आलेली पेटी आणि रात्रभर थंड खोलीत राहिलेली पेटी यांत १० अंशांचा फरक असेल, तर केवळ तेवढ्यानेच आकड्यात २० टक्क्यांच्या आसपास फरक पडेल. सर्व फळे एकाच उष्णतेला आणून मोजणे अथवा उष्णतेची नोंद ठेवून हिशेब दुरुस्त करणे यांवाचून गत्यंतर नाही.

दुसरी उलटतपासणी पिकण्याची. फळ पिकते तेव्हाही पटले हळूहळू सैल होतात. याचा अर्थ असा, की उत्तम पिकलेले फळ आणि नासण्याच्या मार्गावरील फळ यांचे आकडे एकमेकांच्या जवळ येतात. आज मोजलेल्या एका आकड्यापेक्षा काल व आज यांच्यातील बदल, आणि त्याच पेटीतील इतर फळांपेक्षा एखाद्याचे वेगळेपण, हे अधिक बोलके असते.

तिसरी उलटतपासणी जातीची. सफरचंदावर सिद्ध झालेले कोष्टक आंब्याला लागू पडत नाही आणि हापूसचे कोष्टक मानकुरादाला चालणार नाही. प्रत्येक जातीची शेकडो फळे आधी यंत्रावर मोजून नंतर कापून पाहावी लागतात. आकडा काय म्हणाला आणि सुरीने काय दाखविले याची जोडीने नोंद ठेवावी लागते. चांगले फळ नासके ठरविण्याची चूक बागायतदाराला भोवते आणि नासके फळ चांगले ठरविण्याची चूक ग्राहकाला. या दोन्ही चुका किती होतात हे सांगितल्याविना कोणी यंत्राची महती गाऊ लागला, तर खरेदीदाराने सावध राहावे. सहकारी संस्था वा बाजार समितीने यंत्र घेण्याचा विचार केला, तर विक्रेत्याला आपल्याच भागातील, आपल्याच जातीच्या फळांवर प्रात्यक्षिक द्यायला लावावे आणि ती फळे समोर कापून पाहावीत.

शाळेत करून पाहण्याजोगे

विज्ञानाच्या शिक्षकांना या विषयातील मूलतत्त्व वर्गात सहज दाखविता येईल. बीटचे दोन सारखे तुकडे करावेत आणि वाहत्या पाण्याखाली कापलेल्या बाजूचा रंग निघून जाईपर्यंत ते धुवावेत. एक तुकडा थंड पाण्याच्या पेल्यात आणि दुसरा शिक्षकांनी स्वतः ओतलेल्या कढत पाण्याच्या पेल्यात ठेवावा. थंड पाणी फारसे रंगत नाही. कढत पाणी मात्र थोड्याच वेळात लालभडक होते. उष्णतेने पेशींची पटले फुटली आणि आतील रंग बाहेर आला. बीटच्या बाबतीत जे डोळ्यांना दिसते तेच आंब्याच्या बाबतीत विद्युत्‌मापन आकड्यात दाखविते.

दुसरा धडा मोबाइल फोनच्या पडद्याचा. कोरड्या काडीने पडद्यावर टिचकी मारली तर तो दाद देत नाही. बोटाला मात्र तत्काळ देतो. बोट आणि आतील सूक्ष्म पट्ट्या यांच्यामध्ये काच असते, म्हणजे त्या पट्ट्यांना बोट प्रत्यक्ष लागतच नाही. बोटातील क्षारयुक्त पाण्यामुळे धारिता बदलते आणि ती फोनला कळते. स्पर्शाविना मापन ही दूरच्या प्रयोगशाळेतील नवलाई नसून ती विद्यार्थ्यांच्या रोजच्या पाहण्यातील गोष्ट आहे, हे यावरून त्यांना पटवून देता येईल.

यंत्र येईपर्यंत आणि आल्यानंतरही

नासके फळ ओळखणे ही अखेरची पायरी झाली. फळ नासू न देणे ही पहिली पायरी असून ती बागायतदाराच्या हाती आहे. हापूस झाडावर पूर्ण पिकू देण्याची वाट न पाहता तो चौदा आणे तयार झाला असता काढावा, हा कोकणातील अनुभवी बागायतदारांचा दंडक साक्याच्या दृष्टीनेही हिताचा आहे. अधिक तयार झालेल्या फळात साक्याचे प्रमाण वाढते. फळ देठासह काढावे, चीक सालीवर ओघळू देऊ नये आणि काढलेली फळे तापलेल्या जमिनीवर उन्हात ठेवू नयेत. झाडाखाली पालापाचोळ्याचे आच्छादन असल्यास जमिनीची धग कमी होते. करपा व देठकूज यांना आळा घालण्यासाठी सुमारे ५२ अंश सेल्सिअस उष्ण पाण्यात फळे ठराविक काळ बुडविण्याची पद्धत आहे. तीत उष्णता व वेळ यांबाबत कृषी अधिकाऱ्यांचा सल्ला काटेकोरपणे पाळावा, अन्यथा साल भाजण्याचा संभव असतो.

ज्यांना नवी लागवड करावयाची आहे त्यांनी वाणाचाही विचार करावा. वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्रात नीलम व हापूस यांच्या संकरातून सिद्ध झालेला आणि १९८१ साली प्रसारित झालेला ‘रत्ना’ हा वाण साक्यापासून मुक्त आहे.

एक काम मात्र बागायतदारांनी आजपासून हाती घेण्याजोगे आहे, ते म्हणजे नोंदीचे. कोणत्या झाडाची फळे, कोणत्या तारखेला काढली, आढीत किती दिवस राहिली आणि कापल्यावर किती फळांत साका वा कुजका गर निघाला, एवढे चार रकाने वहीत आखले तरी पुरे. यंत्राला शिकवावे लागते, आणि त्याला शिकविण्यासाठी लागणारी शिदोरी अशाच नोंदींची असते. बाहेरून आणलेल्या यंत्राला आपल्या फळाची ओळख आपणच करून द्यावी लागणार.

गोव्याच्या मानकुराद आंब्याला २०२३ साली भौगोलिक मानांकन लाभले. कोकणातील हापूसला ते २०१८ सालीच मिळाले होते. मानांकन म्हणजे ग्राहकाला दिलेले वचन होय. या नावाचे फळ या गुणाचे असेल अशी ती ग्वाही आहे. ही ग्वाही आजवर कातडीच्या रंगावर आणि विक्रेत्याच्या शब्दावर उभी राहिली. फळाच्या आत डोकावण्याची साधने जसजशी हाती येतील तसतशी ती अधिक भक्कम पायावर उभी राहील. मात्र त्या साधनांचा आकडा आणि अनुभवी हाताची पारख यांची सांगड घातली गेली, तरच बागायतदाराला त्याच्या श्रमाचे मोल आणि ग्राहकाला त्याच्या पैशाचे फळ मिळेल, यात संशय नाही.